अंगणातलं झाड काढायचंय? आधी कारण लिहा

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरापुढचा गुलमोहर सासूबाईंनी शेंगेतलं बी रुजवून वाढवला होता. मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा त्याची फांदी गच्चीच्या कठड्याला टेकत होती. चार वर्षांपूर्वी तेच झाड काढण्याचा अर्ज मला माझ्या हातानं लिहावा लागला. तो मी दोनदा लिहिला, कारण पहिला चुकला होता. तेव्हापासून ओळखीतल्या अकरा घरांनी झाडाच्या कागदांसाठी मला बोलावलं. अकरांपैकी चारच झाडं खरोखर काढावी लागली. बाकीची सात उभी आहेत आणि घरच्यांची अडचणही मिटली आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. जागा तुमची, झाड तुमच्या आजोबांनी लावलेलं, पाणी तुम्हीच घातलंत, तरी शहरात ते परवानगीशिवाय पाडता येत नाही. मध्य प्रदेशात त्यासाठी २००१ सालचा कायदा आहे. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘मध्यप्रदेश वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम’ असं दिसेल. परवानगी देतो तो ‘वृक्ष अधिकारी’. इंदुरात अर्ज नगर निगमात द्यायचा, आणि झाड बघायला उद्यान विभागाची माणसं येतात. बिचोली, निपानिया ही गावं आता निगमाच्या हद्दीत आहेत, तेव्हा तिथल्या प्लॉटवाल्यांनाही हेच लागू. हद्दीबाहेर शेतात घर असेल तर विचारणा तहसिलीत करायची, तिथे महसुलाचे नियम चालतात.

‘कंपाउंडच्या आत कोण बघायला येतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी मार्च २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सांगते. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात, मथुरा-वृंदावनकडे, खासगी जमिनीवरची ४५४ झाडं परवानगी न घेता तोडली होती. न्यायालयानं झाडामागे एक लाख रुपये दंड लावला. जमीन खासगी होती, एवढ्यानं कोणी सुटलं नाही.

आणि रात्री मुळाशी ॲसिड ओतायचं, किंवा बुंध्याची साल गोल सोलून झाड वाळवायचं, हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या बाजूनं मुळांकडे उतरतं. ती वाट तोडली की मुळं उपाशी मरतात, आणि मेलेल्या मुळांवर उभं असलेलं झाड कोणत्या रात्री कोणाच्या छपरावर पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सोललेली साल पाहणीला आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत कळते.

झाड कोणाचं, घर कोणाच्या नावावर

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला असलेलं झाड तुमचं नाही, निगमाचं आहे. त्याच्यासाठी मालक म्हणून अर्ज करायचा नसतो. ‘इंदौर ३११’ ॲपवर फोटो टाकून तक्रार करायची किंवा झोन कार्यालयात लेखी द्यायची. कापायचं की छाटायचं हे ते ठरवतात, आणि कापतातही तेच. फांदी विजेच्या तारेला लागत असेल तर १९१२ वर वीज कंपनीला कळवा. बहुमजली इमारतीच्या आवारातलं झाड सोसायटीचं, त्यासाठी सभेचा ठराव लागेल. भाडेकरूनं मालकाच्या संमतीशिवाय या कामात पडूच नये.

आता घरातल्या झाडाकडे येते. माझा पहिला अर्ज इथेच अडला. घराची रजिस्ट्री सासऱ्यांच्या नावावर होती आणि ते जाऊन सहा वर्षं झाली तरी आम्ही नामांतरण, म्हणजे कागदावर वारसांची नावं चढवणं, केलंच नव्हतं. संपत्तिकर दर वर्षी भरत होतो, पण पावतीवर नाव त्यांचंच येत होतं. आपल्या लोकांच्या जुन्या घरांत हे फार दिसतं. रामबागेत, बियाबानीत, राजेंद्र नगरात, जिथे गेले तिथे कागदावर वडिलांचं नाव आणि घरात तीन भावंडं. म्हणून कुऱ्हाडवाल्याला बोलावण्याआधी कपाट उघडा. रजिस्ट्री किंवा लीजचा कागद, चालू वर्षाची संपत्तिकराची पावती, आणि नावं जुळत नसतील तर सगळ्या वारसांचं सहमतिपत्र, एवढं आधी जमवा.

आमच्याकडे वारस तीन: यजमान, पुण्याचे दीर आणि देवासच्या वन्सं. दिरांचं पत्र चार दिवसांत कुरिअरनं आलं. वन्सं मात्र तयार होईनात. ‘आईचं झाड आहे, वहिनी,’ एवढंच फोनवर म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्या रविवारी त्या स्वतः आल्या. मी त्यांना बुंध्याच्या मागच्या बाजूला नेलं आणि पोकळीत हात घालायला सांगितलं. कोपरापर्यंत हात आत गेला आणि मूठभर भुसा बाहेर आला. त्या अर्धा तास झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या, मग आत येऊन सही केली. सही मागायला कागद पुढे करण्याआधी झाड दाखवा, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

कारण

अर्जाचा जीव इथे आहे. माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘पेड़ पुराना और खतरनाक हो गया है.’ जुनं होणं हा झाडाचा दोष नाही. आणि खतरनाक म्हणजे काय, कोणाला, कुठून, याचं उत्तर त्या वाक्यात नव्हतं. वाचणाऱ्यानं त्यावरून काय ठरवायचं?

लोक मला जी कारणं सांगतात ती अशी: पानांचा कचरा होतो, गाडी लावायला जागा नाही, पोपट घाण करतात, वास्तूला आड येतं. ही आपली गैरसोय आहे. झाडाला काय झालंय ते यात कुठेच नाही. अर्जात झाडाची अवस्था आणि त्यातून उभा राहणारा धोका लिहायचा असतो. म्हणून आधी झाड वाचायला शिका. त्याला एक सकाळ पुरते.

बुंध्यापासून सुरुवात करा. जमिनीलगत कानाच्या पाळीसारख्या कडक बुरश्या फुटल्या असतील तर आतलं लाकूड कुजतंय. लाकडी मोगरीनं बुंध्यावर चहूकडून ठोका. भरीव लाकूड ठक्क वाजतं, पोकळ भाग ढोलासारखा घुमतो. झाड एका बाजूला कललं असेल तर उलट बाजूची माती बघा. तिथे ताजी भेग पडली असेल किंवा माती उचलली गेली असेल तर मुळं सुटताहेत, आणि हे सगळ्यात तातडीचं लक्षण. लहानपणापासून उजेडाकडे वाकून वाढलेलं झाड वेगळं. त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला असतो आणि मुळाशी माती घट्ट असते. ते कललेलं असलं तरी त्याच्या पायाशी धोका नाही. शेवटी वर बघा. दोन जाड फांद्या एकाच जागेवरून चिंचोळ्या इंग्रजी व्हीसारख्या फुटल्या असतील आणि मध्ये साल दबली असेल, तर वादळात तिथूनच फाटतं.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. त्यात आम्ही अंगणात फरशी घालताना बुंध्याला सिमेंट भिडवलं होतं. दिल्लीत राष्ट्रीय हरित अधिकरणानं २०१३ साली झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आम्ही तेव्हाच आमच्या अंगणातलं काढलं असतं तर झाड कदाचित आणखी काही वर्षं उभं राहिलं असतं. तुमच्याकडे तसं असेल तर याच आठवड्यात गवंड्याला बोलावून बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करा. छिन्नीनं, हलक्या हातानं. मुळं तोडू नका.

झाड वाचल्यावर पुष्कळदा अर्जाची गरजच उरत नाही. सुदामा नगरात एका घराच्या भिंतीला तडा गेला होता आणि दोष कडुनिंबावर आला. मी जाऊन पाहिलं तर तडा निंबाच्या विरुद्ध कोपऱ्यात होता, आणि तिथेच पाण्याचा पाइप गळत होता. आपली माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. तिच्यावर उभी असलेली भिंत त्यासोबत हलते. मुळं माती सुकवतात हे खरं, पण मोठं झाड एकदम काढलं की तीच माती पुन्हा पाणी धरते, फुगते, आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. भिंतीलगतचं जुनं झाड काढण्याआधी सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. त्या घरी पाइप बदलला, तडा भरला, निंब आहे तसा आहे.

राजेंद्र नगरात एका काकूंना सप्तपर्णीच्या वासानं ऑक्टोबरात डोकं धरायचं. खिडकीसमोरच्या तीन फांद्यांची छाटणी मागितली, मिळाली, भागलं. छाटणीलासुद्धा विचारूनच हात लावा, कारण ‘छंटाई’च्या नावाखाली झाडाचं मुंडण करण्याची वाईट सवय पसरली आहे. एका ओळखीच्या घरी मजुरानं दोन फांद्यांऐवजी सगळा माथा उतरवला आणि उत्तरं घरमालकाला द्यावी लागली. एका वेळी चौथाईपेक्षा जास्त हिरवा भाग काढायचा नाही. जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग थोडं पुढे वरून, आणि उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं राखलं तर जखम भरते. फांदी खोडाला अगदी लागून कापली तर तिथून कूज शिरते.

नवीन बांधकामासाठी झाड काढायचं असेल तर एक गैरसमज आधी काढून टाका. घराचा नकाशा पास झाला म्हणजे झाडाची परवानगी झाली, असं नाही. दोन्ही कागद वेगळे. आणि नकाशा पास व्हायच्या आधीच झाडाची जागा त्यावर दाखवून आर्किटेक्टला विचारा, जिना किंवा पार्किंग चार फूट सरकतं का. पुष्कळदा सरकतं.

अर्ज

झाड काढावंच लागणार असं ठरलं तर कागद हिंदीत लिहा, काम सोपं होतं. माझ्या दुसऱ्या अर्जातला मुख्य भाग असा होता:

‘मकान के सामने गुलमोहर का एक पेड़ है. तना ज़मीन से लगभग दो फीट ऊपर सड़न से खोखला हो गया है और आँधी में एक मोटी शाखा टूट चुकी है. पेड़ सड़क की ओर झुक रहा है, जहाँ से बच्चे स्कूल जाते हैं. कृपया स्थल निरीक्षण कर पेड़ हटाने की अनुमति प्रदान करें.’

यात झाडाची जात आहे, संख्या आहे, जागा आहे, दोष आहे आणि धोका कोणाला ते आहे. ‘स्थल निरीक्षण’ हा शब्द मुद्दाम घातला. आपण झाड बघायला बोलावतोय, हे त्यातून कळतं. सोबत चार फोटो: पूर्ण झाड घरासह, बुंधा, पोकळीत फूटपट्टी धरून एक, आणि माती. एका कोऱ्या कागदावर प्लॉटचा हातानं काढलेला नकाशा, त्यात झाड कुठे आणि भिंतीपासून किती फुटांवर. दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या मी घेतल्या. सावली त्यांच्याही अंगणात पडत होती, त्यांना अंधारात ठेवणं मला बरं वाटलं नसतं.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. पुढच्या प्रत्येक विचारपुशीला तोच आकडा लागतो.

पाहणीच्या दिवशी घरी थांबा, आणि त्याआधी झाडाची एक डहाळीही तोडू नका. पाहायला आलेल्यांना अवस्था जशी आहे तशी दिसली पाहिजे. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, झाडांची संख्या आणि जात मोजून बघा. कोणी तोंडी ‘काट लो’ म्हटलं तर ती परवानगी नव्हे. लेखी आदेश हातात येईपर्यंत थांबायचं. आदेशात बघायचं ते असं: काढायला सांगितलंय की नुसतं छाटायला, कोणतं झाड, कोणत्या मुदतीत, आणि बदल्यात किती रोपं लावायची. या अटी त्या परवानगीचाच भाग आहेत, त्या वगळून उरलेलं पाळता येत नाही.

वादळात झाड कोसळायला आलं असेल तर मात्र कागदाची वाट बघत त्याच्याखाली उभं राहू नका. घर आणि रस्ता रिकामा करा, ‘इंदौर ३११’ ॲपवर कळवा, फायर ब्रिगेडला १०१ वर फोन करा, फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

कापण्याचा दिवस

आदेश मेमध्ये आला, पण आम्ही लगेच कापलं नाही. वाळक्या फांदीत तांबटानं भोक कोरून घरटं केलं होतं आणि आत पिलांचा आवाज येत होता. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा रानपाखरांच्या अंड्यांना आणि घरट्यांना हात लावू देत नाही. कायदा नसता तरी मी थांबलेच असते. फाटकाजवळ दोरी बांधली, रस्त्याकडून लोक जाऊ नयेत म्हणून पाटी लावली आणि मुदत बघून रोज सकाळी भोकाकडे नजर ठेवली. पिलं उडाली, त्यानंतर दोन दिवसांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात माणसं आली. पाऊस त्यानंतर लागला. तुम्हीही आधी दुर्बीण नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून फांद्या तपासा, ढोली तपासा. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचंही अंडं असू शकतं.

तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. मजूर ‘हो जाएगा’ म्हणाला तरी चढू देऊ नका. वरून खाली, दोर लावून, तुकड्या-तुकड्यांत झाड उतरवायचं. अखंड बुंधा एकदम आडवा पाडायला शहरातल्या अंगणात जागा नसते. आदेशाची एक प्रत खिशात ठेवा, कुणीतरी नक्की विचारायला येतं, आणि त्यांनी विचारावं हेच बरोबर आहे.

लाकडाचा प्रश्न शेवटी येतो आणि तिथेच माणसं फसतात. पुष्कळ मजूर ‘मजुरी नको, लाकूड द्या’ म्हणतात. लाकूड घराबाहेर जाण्याआधी त्याच्या वाहतुकीसाठी वन विभागाचा पास, ज्याला सगळे टीपी म्हणतात, लागतो का ते नवरतन बागेतल्या वन कार्यालयात विचारून घ्या. साग, शिसव, चंदन असेल तर न विचारता एक ओंडकाही हलवू नका. आमचा गुलमोहर घरातच राहिला. जाड तुकडे अंगणात बसायला ठेवले.

पानं आणि बारीक डहाळ्या जाळू नका. १९२४ साली आपल्या इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आजचं कृषी महाविद्यालय आहे त्या जागी. अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञांनी तिथे कंपोस्टची जी रीत बसवली ती जगात ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर माती आणि लाकडाची राख, ओल राखायची आणि अधूनमधून उलथायचं. तीन महिन्यांच्या आसपास खत होतं. आमच्या खड्ड्यात जूनमध्ये भरलेलं गणपतीनंतर कुंड्यांना घालता आलं.

बुंध्याचा खुंट जमिनीखाली अर्धा फूट उतरवून वर माती टाका. नवं झाड मात्र त्याच खड्ड्यात लावू नका, कुजवणारी बुरशी जुन्या मुळांत पुष्कळ दिवस राहते. आम्ही पाच-सहा फूट बाजूला सरकलो. वन्संनी कांचनाचं रोप आणलं, आदेशातली बाकीची रोपं कॉलनीच्या बगीच्यात लावली, तिथल्या माळ्याला सांगून आणि पाण्याची पाळी ठरवून. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा, काळ्या मातीत पाणी साचू नये म्हणून तळाला थोडी मुरूम-रेती, आधाराला बांबू, आणि बुंध्याभोवती मीटरभर जागेत सिमेंट नाही. लावल्याच्या दिवशी प्रत्येक रोपाचा तारखेसह फोटो काढा, पुढच्या जूनमध्ये पुन्हा काढा, आणि दोन्ही फोटो आदेशाच्या प्रतीसोबत त्याच फाइलला लावून ठेवा.